जोडीचा नाच, एकेका हाताचा हिशेब

‘जस्ट डान्स’ या व्हिडिओ गेमला तुमचे पाय दिसत नाहीत. कंबर दिसत नाही, मान दिसत नाही, चेहऱ्यावरचा आव तर नाहीच नाही. त्याला कळतो फक्त उजवा हात, आणि तोही हात म्हणून नव्हे, तर त्या हातातल्या रिमोटला किंवा मोबाइलला बसलेले हिसके म्हणून. आता अशा परीक्षकापुढे कोरियन पॉपचं गाणं ठेवा, ज्यात टाचेपासून भुवईपर्यंत सगळं बसवलेलं असतं. वर नाचायला एकाऐवजी दोघांना उभं करा. तरीही पडद्यावर ‘परफेक्ट’ अशी अक्षरं उमटतात आणि बहुतेक वेळा योग्य जागीच उमटतात. हे जमतं कसं?

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००९ मध्ये निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्रासाठी हा खेळ पहिल्यांदा आणला. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात जोडीचे नाच आले. पडद्यावर दोन नर्तक, दोघांच्या हालचाली वेगळ्या, मध्येच एकमेकांत गुंफलेल्या. डावीकडे उभा राहणारा डावीकडच्या नर्तकामागे जातो, उजवीकडचा उजवीकडच्या. पुढची हालचाल कोणती, हे सांगणारी छोटी चित्रं पडद्याच्या खालच्या बाजूने सरकत येतात. जोडीच्या नाचात प्रत्येकाच्या चित्राचा रंग निराळा. काही हालचाली सोनेरी रंगात येतात. त्यांना जास्त गुण, म्हणून त्या आल्या की घरातली शहाणी माणसंसुद्धा जीव तोडून हात फेकतात.

पडद्यावरचा नर्तक आरशातल्यासारखा नाचतो. तुम्ही उजवा हात वर करायचा तेव्हा त्याचा डावा हात वर जातो आणि भडक रंगाचा हातमोजा असतो तोही त्याच हातात. कोरियन नाच शिकणाऱ्या चाहत्यांना ही सोय नवी नाही. तिथल्या कंपन्या सरावाचे व्हिडिओ प्रसिद्ध करतात आणि चाहते त्यांची डावी-उजवी बाजू उलटून आरशातली आवृत्ती बनवतात, म्हणजे डोक्यात उलटसुलट करत बसावं लागत नाही. गेमने तेच काम आधीच करून ठेवलेलं आहे.

आता त्या हिशेबाच्या मुळाशी जाऊ. वीच्या रिमोटमध्ये, आणि आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये, त्वरण मोजणारी एक चिप असते. तिच्या पोटात सिलिकॉनचा एक इवलासा ठोकळा तितक्याच इवल्या स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन झटक्याने उजवीकडे नेला की ठोकळा किंचित मागे रेंगाळतो. त्या रेंगाळण्याने शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी बदलतं. पण तेवढ्याने त्यांची विद्युतधारिता बदलते आणि चिपला आकडा मिळतो. असं तीन दिशांनी, सेकंदाला सुमारे शंभर वेळा. फोन टेबलावर निपचित पडलेला असला तरी चिप १ जी, म्हणजे गुरुत्वाइतकं त्वरण दाखवते. फोन हातातून निसटला, तर पडत असताना ती शून्य दाखवते. (खात्री करायची असेल तर खाली गादी असू द्यावी.)

गंमत अशी, की या चिपला हात कुठे आहे हे ठाऊकच नसतं. तिला कळतो फक्त वेगातला बदल, शिवाय गुरुत्वामुळे थोडासा कल. हात डोक्यावर स्थिर आहे की कमरेपाशी, यात तिच्या लेखी फरक नाही, फोन तसाच धरला असेल तर. मग गेम काय करतो? प्रत्येक हालचालीला हिसक्यांचा कोणता आलेख यायला हवा, तो त्याच्याकडे असतो. तुमच्या हातातून येणारा आलेख त्या-त्या क्षणी तो याच्याशी ताडून पाहतो. पूर्ण गाण्याचे जास्तीत जास्त गुण १३,३३३.

यासाठी सगळ्यात देखणं उदाहरण अर्थातच कोरियन गायक साय याचं ‘गंगनम स्टाइल’. १५ जुलै २०१२ ला ते आलं, त्याच वर्षी २१ डिसेंबरला यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिला गेलेला पहिला व्हिडिओ ठरलं आणि त्याच सुमारास ‘जस्ट डान्स ४’ साठी वेगळं डाउनलोड म्हणूनही हजर झालं. त्यातला घोड्याचा नाच आठवा. आधी दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून लगाम धरायचा, मग उजवा हात डोक्याशी नेऊन दोरीचा फास गरगर फिरवायचा. गाण्याची लय मिनिटाला १३२ ठोक्यांची, म्हणजे एक ठोका साधारण ०.४५ सेकंदाचा. समजा, हाताने २० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ दोन ठोक्यांत एकदा पूर्ण केलं. शाळेतलं सूत्र लावलं तर केंद्राच्या दिशेचं त्वरण येतं सुमारे ९.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण ९.८! म्हणजे फास फिरवणारा हात चिपला जवळजवळ दुसऱ्या एका पृथ्वीएवढा ओढतो, तेही प्रत्येक क्षणी दिशा बदलत. उत्साहाच्या भरात कुणी एकाच ठोक्यात पूर्ण फेरा मारला, तर हे त्वरण चौपट होऊन ४ जीच्या जवळ जातं. वीच्या रिमोटमधल्या चिपची हमी ३ जीपर्यंतचीच होती.

आणि घोडा? टापा टाकायचं खरं कष्टाचं काम तर पायांचं. त्याचा एकही गुण नाही. सोफ्यावर रेलून नुसता हात हलवत भरघोस गुण मिळवणारी मंडळी या खेळाच्या जन्मापासून आहेत. मला तो लबाडीचा नव्हे, मोजमापाच्या अभ्यासाचा प्रकार वाटतो.

कोरियन पॉप या चिपच्या पथ्यावर पडण्यामागे कारण आहे. त्या नृत्यरचनेत एक खास, पुन्हापुन्हा येणारी हालचाल असतेच. २००९ च्या ‘सॉरी, सॉरी’ मध्ये सुपर ज्युनियर या गटाचं हातावर हात चोळणं घ्या, किंवा २०१८ च्या ‘डू-डू डू-डू’ मध्ये ब्लॅकपिंकच्या मुलींनी बोटांचं केलेलं पिस्तूल. हे दुसरं गाणं ‘जस्ट डान्स २०१९’ मध्ये आहे. अशा हालचाली बहुधा हातांच्या, पहिल्या झलकीत लक्षात राहणाऱ्या. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं थांबणं. अख्खा गट एकाच क्षणी सुरीने कापल्यासारखा थबकतो. चालू हालचाल गुळमुळीत असेल तर आलेखही गुळमुळीत येतो. कचकन थांबलेल्या हाताचा मात्र टोकदार सुळका उमटतो. बोटांचं पिस्तूल झालं की नाही, हे फोनला कधीच कळणार नाही. ते रोखताना मनगटाने घेतलेला झटका मात्र तो बरोबर पकडतो.

एका बाबतीत मात्र हा खेळ कोरियन पॉपच्या अगदी उलट्या दिशेने जातो. तिथे चेहऱ्याचं कोण कौतुक! गटात देखणेपणासाठी ओळखला जाणारा सदस्य वेगळा मानतात, कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर किती रेंगाळला यावर चाहते भांडतात. ‘जस्ट डान्स’ मध्ये बरीच वर्षं खऱ्या नर्तकांचं चित्रण करून त्यांचे चेहरे जवळपास पुसून टाकत, ठळक राहायचे ते कपडे आणि तो हातमोजा. ताऱ्याचा नाच असा बिनचेहऱ्याचा झाला की तिथे कुणीही उभं राहू शकतं.

आता जोडीकडे येऊ, कारण खरं आश्चर्य तिथे आहे. दोन नर्तक एकमेकांकडे झुकतात, एक बसतो तेव्हा दुसरा उठतो, हात हातात येतात. ही सगळी देवाणघेवाण पडद्यावर आहे आणि खोलीत आहे, हिशेबात ती कुठेही नाही. गेमच्या दृष्टीने तिथे दोन स्वतंत्र हात आहेत, दोन स्वतंत्र आलेखांशी ताडायचे. काही आवृत्त्यांत सगळ्यांचे गुण एकत्र करण्याचा प्रकार आहे, पण ती नुसती बेरीज. तुमचा जोडीदार शेजारी आहे की स्वयंपाकघरात, यंत्राला पत्ता नसतो.

डोळे दिले तर बदल होईल का? तेही करून झालं. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी किनेक्ट आणला. तो खोलीभर अवरक्त ठिपके पसरायचा आणि ते कसे पडले यावरून प्रत्येक गोष्ट किती दूर आहे ते ठरवायचा. कृत्रिमरीत्या बनवलेल्या लाखो चित्रांवर तयार केलेली त्याची पद्धत शरीराचे २० सांधे ओळखायची, एका वेळी दोन माणसांचे. दोनच! जणू जोडीसाठीच बनवलेला. ‘जस्ट डान्स ३’ पासून हा खेळ किनेक्टवरही आला. पण कॅमेऱ्याची अडचण अशी, की जोडीचा नाच रंगात येतो तोच एक जण दुसऱ्याच्या आड जातो. आड गेलेले सांधे दिसत नाहीत, मग ते कुठे असतील याचा अंदाज बांधावा लागतो. लांब लांब नाचणारी दोन माणसं किनेक्टला छान कळत. जवळ आली की गोंधळ. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, ‘जस्ट डान्स’ ची शेवटची वी आवृत्ती २०१९ मध्ये आली, आणि परीक्षकाचं काम पुन्हा हातातल्या चिपकडे, अनेक घरांत फोनकडे, आलं.

तरी या चिपला जोडी अजिबात कळू शकत नाही असं नाही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं फुकट ॲप फोनच्या त्वरणाचा आलेख जागेवर काढून दाखवतं. ते दोन फोनवर सुरू करून फोन दोघींच्या कमरेला घट्ट बांधावेत आणि फुगडी घालावी. दोघींचं त्वरण फेऱ्याच्या मध्याकडे, म्हणजे एकमेकींच्या दिशेने दाखवलं जाईल. पायांचं घर्षण बाजूला ठेवलं तर दोघींना ओढणारं बल सारखंच, म्हणून वजनाने हलकी असेल तिच्या आलेखातला आकडा मोठा येईल. पकड सैल झाली तर दोन्ही आलेख एकाच क्षणी खाली येतील. गेमकडेही असे दोन आलेख प्रत्येक जोडीमागे येत असतात. तो दोन्ही आपल्याकडच्या नमुन्याशी ताडतो, पण एकमेकांशी कधी ताडून पाहत नाही.