अंगठ्याची राखण
वृद्ध शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचे संरक्षण

लिहिता-वाचता न येणारा शेतकरी पूर्वी कर्जरोख्याखाली नांगराची निशाणी करीत असे. वर काय लिहिले आहे, हे त्यास ठाऊक नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरांवर होता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचा दस्तऐवज गावनिबंधकासमक्ष लिहिला जावा, अशी तरतूद केली. आज निशाणीची जागा बोटाच्या ठशाने घेतली आहे व रोख्याची जागा एका लहानशा यंत्राने. प्रश्न मात्र जुनाच आहे. अंगठा कशासाठी घेतला जात आहे, हे अंगठा देणाऱ्यास कळते काय?

ठशावर पैसे कसे निघतात?

ग्राहक सेवा केंद्रात किंवा बँक मित्राकडे आधारवर पैसे काढताना बँकेचे नाव, आधार क्रमांक व बोटाचा ठसा एवढ्या तीनच गोष्टी लागतात. कार्ड लागत नाही व गुप्त क्रमांकही लागत नाही. बँकेची शाखा दूर असलेल्या गावी ही मोठीच सोय होय. परंतु गुप्त क्रमांक फुटला तर तो बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून ठशाची राखण आधीपासूनच करावयास हवी.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आयुष्यभर नांगर, खुरपे व दोर हाताळून त्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा ओळखत नाही आणि दोन-तीन वेळा बोट ठेवावे लागते, याची त्यांना सवय झालेली असते. लबाड मनुष्य नेमका याच सवयीचा फायदा घेतो. समजा, आजीबाईंना एक हजार रुपये काढावयाचे आहेत. पहिल्याच ठशास पैसे निघतात, पण केंद्रचालक म्हणतो, "ठसा आला नाही, पुन्हा ठेवा." दुसऱ्या ठशास आणखी हजार निघतात. आजीबाई एक हजार घेऊन समाधानाने घरी येतात. खात्यातून मात्र दोन हजार गेलेले असतात.

सर्वच केंद्रचालक असे नसतात, बहुतेक जण प्रामाणिकपणे सेवा देतात. तथापि पुढील नियम सर्वांकडे सारखेच पाळावेत.

१. प्रत्येक ठशाची पावती मागावी. व्यवहार फसला असे सांगितले, तरी फसल्याची पावती घेतल्यावाचून दुसऱ्यांदा बोट ठेवू नये.
२. पैसे काढल्यावर त्याच जागी शिल्लक किती राहिली, हे विचारावे व महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे.
३. नाव नोंदणी, मोफत वस्तू किंवा सर्वेक्षण अशा कारणांसाठी दारी आलेल्या अनोळखी माणसाच्या यंत्रावर बोट ठेवू नये.
४. आधारची नक्कल देण्याची वेळ आली, तर शक्य तेथे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्यावी.

शेवटच्या नियमाचे कारण असे की, दस्तऐवजांवरील ठशांच्या रबरी नकला करून पैसे काढल्याचे गुन्हे काही राज्यांत उघडकीस आले आहेत. त्यावर उपाय म्हणून बोट जिवंत आहे की नक्कल आहे, हे पारखणारी व्यवस्था आधार प्राधिकरणाने २०२३ साली सुरू केली. तरीही आपली काळजी आपण घेणे इष्ट.

ठशास कुलूप

आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बोटांच्या ठशास कुलूप लावता येते. यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असला पाहिजे. कुलूप असेपर्यंत त्या ठशावर पैसे निघत नाहीत. मात्र रेशन दुकानातही तो ठसा चालत नाही. म्हणून धान्य आणावयाच्या दिवशी कुलूप तात्पुरते उघडावे लागते, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. अधिक माहिती १९४७ या क्रमांकावर मिळते.

शासकीय अनुदान हे शेवटी ज्या खात्यास आधार जोडले असेल, त्या खात्यात जमा होते. वृद्धांच्या नावे कोणी परस्पर दुसरे खाते उघडून ते आधारला जोडले, तर हप्ता तिकडे वळतो. हप्ता चुकला, तर "अजून आला नसेल" असे म्हणून स्वस्थ बसू नये. आधार कोणत्या बँकेस जोडलेले आहे, हे त्याच संकेतस्थळावर प्रथम तपासावे.

दूरध्वनीवरील चोर

पीएम किसान योजनेत वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत मिळतात. त्या योजनेच्या नावाने मोबाइलवर एपीके फाइल पाठविली जाते. ती उघडून बसविली की मोबाइलवर येणारे ओटीपी चोरास वाचता येतात. अशी फाइल उघडू नये. त्याचप्रमाणे पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही, तो टाकला की पैसे जातात. कोणी पोलीस असल्याचे सांगून "डिजिटल अटक" केली आहे असे धमकावू लागला, तर दूरध्वनी बंद करावा. अशी अटक कायद्यात नाही.

पैसे गेले तर

लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेस सांगून खाते थांबवावे. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात, ते रोख काढले जाण्यापूर्वीच अडविणे शक्य असते. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल व ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर तोशीस पडू नये असे ठरविले होते. वेळेचे महत्त्व यावरून ध्यानी येईल.

आणि हा वेळ बहुधा घरातच वाया जातो. मुले रागावतील, सून काय म्हणेल, या संकोचाने वृद्ध माणसे झालेली फसवणूक लपवितात. कळते तेव्हा आठवडा उलटलेला असतो. म्हणून घरातील तरुणांनी रागे न भरता आधी तक्रार नोंदवावी. "पैसे गेले तर आम्हाला लगेच सांगा, आम्ही बोल लावणार नाही," हे आधीच सांगून ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी १९३० व १९४७ हे दोन्ही क्रमांक ग्रामपंचायतीच्या व सोसायटीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहवून घ्यावेत आणि येत्या ग्रामसभेत पावती मागण्याचा नियम वाचून दाखवावा. खळ्यावरच्या राशीस आपण रात्रभर राखण बसतो. त्याच राशीचे पैसे खात्यात पडल्यावर त्यांनाही राखण हवी.