दुःख, श्रद्धा आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती परंपरेचा मागोवा (१८५७ ते १९३६)

मनाच्या जखमांवर श्रद्धेचा उतारा कसा पडतो, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती लेखनाने आरंभापासूनच धर्मशास्त्राच्या चौकटीबाहेर, घरातल्या आणि विशेषतः स्त्रियांच्या दुःखाच्या संदर्भात मांडला. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेले ‘यमुनापर्यटन’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यात विधवांच्या स्थितीचे, म्हणजे केशवपन, उपेक्षा आणि सक्तीचे वैराग्य यांचे, चित्रण आहे आणि ख्रिस्ती श्रद्धा ही त्या यातनेतून सुटण्याची वाट म्हणून पुढे येते. तथापि या पुस्तकातील सांत्वन बरेचसे उपदेशाच्या अंगाने जाते. ते प्रत्यक्ष आयुष्यात कसे आणि किती उशिरा लाभते, हे पुढच्या पिढीच्या आत्मकथनांनी दाखवून दिले.

यांत पंडिता रमाबाईंचे स्थान पहिले. १८७४ च्या सुमारास, तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या त्यांच्या कुटुंबातील आई, वडील आणि थोरली बहीण ही तिघेही दुष्काळात पाठोपाठ गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी हेही निवर्तल्याने, वयाची चोविशी पूर्ण होण्याआधीच, मनोरमा या तान्ह्या मुलीखेरीज त्यांचे जवळचे असे कोणी उरले नाही. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला. तेथील भगिनीसंघ लंडनमधील फुलहॅम येथे ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत असे. या स्त्रियांशी भगिनी इतक्या मायेने का वागतात, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली, आणि तिरस्काराऐवजी सन्मानाने वागविणारा हा येशू त्यांच्या मनाला भिडला.

एवढे होऊनही त्यांचे मन निवले नव्हते. १९०७ च्या आपल्या ‘साक्षी’त, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवाच्या जाहीर निवेदनात, त्यांनी स्पष्टच म्हटले आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त मात्र बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, भेटला. मधल्या काळात वाँटेजच्या भगिनींशी मतांबाबत आणि अधिकाराबाबत त्यांचे खटके उडाले, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी त्यांचे शारदा सदन निघाले आणि लवकरच ते पुण्यास हलविण्यात आले. १८९३ मध्ये तेथे धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठले, समाजसुधारक रानडे व भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. श्रद्धेने जुने दुःख हलके केले, पण एकटेपणाची नवी किंमत वसूल केली, हे या काळावरून दिसते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून अनाथ मुली व स्त्रिया घेऊन केडगावला आल्या, यामागे स्वतःच्या भुकेल्या तारुण्याची आठवण होती, असे म्हणण्यास जागा आहे. तेथील त्यांच्या ‘मुक्ती’ या आश्रमामध्ये विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, छापखाना अशी कामे होती, खिळे जुळविणारी मुलगी अक्षरे तर शिकतच असे, शिवाय आपल्या हाताला किंमत आहे हेही शिकत असे. टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळे कृपा सदन होते. १९०५ मध्ये येथे जे आत्मिक ‘पुनरुज्जीवन’ झाले, म्हणजे सामूहिक प्रार्थनेची जी लाट उसळली, तिच्यात स्त्रिया मोठ्याने रडत आणि आपली पापे उघड बोलून दाखवीत. त्याचा अर्थ काहीही लावला, तरी ज्यांना घरी रडण्याचीही मुभा नव्हती त्यांचे दुःख येथे चारचौघांत ऐकले गेले, एवढे खरे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत आघात उलट बाजूने आला. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पतिवियोग, समाजाची बोलणी आणि सोवळ्याचे संस्कार यांच्या कात्रीत त्या सापडल्या. नगरला पतीकडे राहायला आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले. जातिभेद माणसाने निर्माण केला, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर मगच १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हे सारे रडगाणे न होता विनोदाच्या अंगाने येते, आणि स्वतःकडे पाहून हसण्याची ही ताकद हाच मन सावरल्याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरतो. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या घाटात आणल्यामुळे, धर्मांतराने तुटलेल्या माणसाला निदान आपली चाल आणि आपली भाषा परत मिळाली.

या मागोव्याची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये महार व मांग समाजांतील लोकांचा भरणा मोठा होता; परंतु अस्पृश्यतेने केलेल्या जखमांची त्यांची साक्ष क्वचितच ग्रंथरूपात आली, त्यामुळे उपलब्ध इतिहास मुख्यतः ब्राह्मण धर्मांतरितांचा आहे. उपलब्ध साधनांवरून मात्र एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी दुःख संपले, असे यांपैकी कोणीही सांगत नाही. श्रद्धेला विचारांचे स्वातंत्र्य, हाताला काम आणि दुःख बोलण्यास स्वतःची भाषा मिळाली, तेथेच ते हळूहळू सोसण्याजोगे झाले. १९२१ मध्ये मनोरमा गेल्यावरही रमाबाईंनी सोप्या मराठीतील बायबलच्या भाषांतराचे काम सोडले नाही आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्यातच गुंतलेल्या होत्या.