एक रुपया कमी

सकाळी 5.50

उशाजवळचा फोन थरथरतो. नायडोंगरीकडच्या एका गावातलं दूध संकलन केंद्र.

"सर, आजचं दूध कालच्या तारखेत पडलं."

भाचा अंथरुणात उठून बसतो. "किती जणांचं?"

"बावीस. पुढच्यांचं बरोबर येतंय."

"साडेपाचच्या आत घातलं, त्यांचंच ना?"

पलीकडे जरा शांतता. मग, "हो की. तुम्हाला कसं कळलं?"

मी चार दिवसांसाठी बहिणीकडे नांदगावला आलोय. भाचा सॉफ्टवेअरची कामं करतो एवढंच आजवर ठाऊक होतं. आज त्याच्यामागे दिवसभर फिरायचं ठरवलंय.

केंद्राची वेबसाइट त्याने काल स्वस्तातल्या सर्व्हरवर हलवली. आधी वर्षाला 6,800 जायचे, आता 3,200. तो सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर चालतो. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे 5.10 ला केंद्रावर दूध मापलं, तेव्हा सर्व्हरवर आदल्या रात्रीचे 11.40 झालेले. "दोन घड्याळं असतात मामा. एक प्रोग्रामचं, एक डेटाबेसचं. मी एकच लावलं." मांडीवर लॅपटॉप घेऊन तो दुसरं लावतो. एका ओळीचं काम. बावीस नोंदींच्या तारखा मात्र एकेक तपासून बदलतो. वाटलेल्या चिठ्ठ्यांवर केंद्रवाला पेनाने दुरुस्ती करणार.

"फॅट आणि एसएनएफ बरोबर आहे ना, मग लोक ओरडत नाहीत," असं म्हणून तो दात घासायला जातो.

सकाळी 7.30

आज नळाची पाळी. टाकी, पिंप, हंडे, सगळं भरून होईपर्यंत घरात दुसरं काम निघत नाही. मोटर लावायची, पाइप धरायचा. सर्व्हर बंद पडला तरी आत्ता थांबेल, पाणी थांबणार नाही.

सकाळी 9.15

दुकान स्टेशनच्या बाजूला. दहा बाय बाराची खोली, भाडं 3,500. हाताखाली एक शिकाऊ मुलगी, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. तिला महिन्याला 4,000. एकतीस गिऱ्हाईकं वार्षिक देखभालीवर आहेत. कुणी 2,500 देतं, कुणी 6,000. देतं म्हणजे, द्यायचं ठरलेलं असतं.

टेबलावर लॅपटॉप. कोपऱ्यात टॉवेल टाकलेला एक जुना संगणक. त्यावर विंडोज एक्सपी आणि व्हिज्युअल बेसिक 6. हे व्हिज्युअल बेसिक 1998 सालचं. मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये त्यावरचा हात काढून घेतला. पण त्यात तयार झालेले प्रोग्राम आजच्या विंडोजवरही चालतात, म्हणून कुणी बदलत नाही. या यंत्राला इंटरनेट जोडायचं नाही असा दुकानाचा नियम आहे. टॉवेल धुळीसाठी.

सकाळी 10.05

बाजार समितीच्या आवारातून फोन. भुईकाट्याचं वजन संगणकावर येत नाही. मोटारसायकल काढतो. पिशवीत दोन स्क्रू ड्रायव्हर, तीन पेनड्राइव्ह, काळी चिकटपट्टी आणि एक जादा वायर.

मे महिना. उन्हाळ कांद्याचे बारा-तेरा ट्रॅक्टर रांगेत. काट्याच्या केबिनमध्ये लाल आकडे नीट दिसतायत, संगणकाच्या पडद्यावर मात्र शून्य. पोरगा हाताने वजनं लिहून घेतोय. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न सोडायला तयार नाही.

भाचा डिव्हाइस मॅनेजर उघडतो. पिवळा त्रिकोण, कोड दहा. काट्याच्या इंडिकेटरपासून संगणकापर्यंत एक सिरियल वायर येते आणि शेवटी यूएसबीत बदलते. त्या बदलणाऱ्या तुकड्यातली चिप जुनी. विंडोजने रात्री आपणहून नवा ड्रायव्हर टाकला. नव्या ड्रायव्हरला ही चिप चालत नाही. तसा निरोपही त्याने तिथेच लिहून ठेवलाय: 2012 पासून बंद, विक्रेत्याला भेटा. विक्रेता कोण, हे केबिनमध्ये कुणालाच आठवत नाही.

जुना ड्रायव्हर परत टाकायला चार मिनिटं. तरी शून्यच. आता काय? सकाळी पोराने वायर काढून दुसऱ्या भोकात घातली होती, त्यामुळे पोर्ट तीनचा पाच झालाय. प्रोग्राम तीनवरच कान लावून बसलेला. भाचा वायर जुन्या भोकात घालतो, दुसऱ्या भोकावर चिकटपट्टी मारतो. आकडे उमटतात. हॉर्न थांबतो.

"नवीन वायर साडेचारशेला येईल," तो सांगतो.

"चालतंय ना आता?" केबिनमधून उत्तर.

काम देखभालीतलं, म्हणजे रोख काही नाही. चहा मिळतो.

सकाळी 11.20

निघता निघता एका व्यापाऱ्याचा माणूस आडवा येतो. "शेठ बोलावतायत. लगेच."

खळ्यावर बाया कांदा निवडतायत. गोल्टी एकीकडे, मोठा एकीकडे. ऑफिसात शेठसमोर एक म्हातारे शेतकरी आणि त्यांचा मुलगा. मुलाच्या हातात मोबाइल, म्हाताऱ्यांच्या हातात कागदाची पावती. गेल्या महिन्यापासून या व्यापाऱ्याची पावती मोबाइलवरही दिसते. ते वेबपान भाच्याने केलेलं. कागदाची पावती छापणारा प्रोग्राम जुना, 2003 च्या सुमारास दुसऱ्याच कुणी लिहिलेला. तो लिहिणारा पुढे पुण्याला गेला.

वजन 18 क्विंटल 35 किलो. भाव 1,390. मोबाइलवर किंमत 25,507. कागदावर 25,506.

"एक रुपया कथा गया, भाऊ?" म्हातारे अहिराणीत विचारतात. आवाजात राग नाही. हिशेब विचारतात तसं विचारतात.

शेठ हसून घेतात. "वेबसाइट चुकली असंल." भाचा हसत नाही. कॅल्क्युलेटर मागतो. 25,506 रुपये 50 पैसे. दोन्हीकडे मूळ रक्कम तीच. फरक पन्नास पैशांचं काय करायचं यात.

तो कालच्या पावत्यांचा गठ्ठा मागतो आणि टेबलाच्या कडेला बसून एकेक पाहतो. मी मागे उभा. दहा-बारा मिनिटं कुणी बोलत नाही. मग तो माझ्याकडे बघून म्हणतो, "मामा, वजन बघा. शेवटी पाच किलो असलं आणि भावात दहाचा आकडा विषम असला, 1,390, 1,410, 1,350, की दर वेळी बरोबर पन्नास पैसे उरतात." मी मनात करून बघितलं. खरंच उरतात. काटा पाच-पाच किलोंनी सरकतो, बोली बहुतेक दहाच्या पटीत होते. म्हणजे हा अर्धा रुपया अधूनमधून येणारा नव्हे, रोजचा.

शाळेत आपण शिकलो, अर्धा आला की वर. वेबपान तसंच करतं. कागदाची पावती छापणारा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिकमधला, त्यातलं राउंड तसं करत नाही. अर्धा आला की ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. 12.5 चे 12, 13.5 चे 14. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. मोठ्या बेरजांमध्ये फरक एका बाजूला साचू नये म्हणून काढलेली युक्ती. त्या हिशेबाने 25,506.50 चे 25,506. यंत्र चुकलं नाही. यंत्राने भलत्याच शाळेचा नियम लावला.

शेठ गल्ल्यातून रुपयाचं नाणं काढून म्हाताऱ्यांसमोर ठेवतात. म्हातारे नाणं बंडीच्या खिशात टाकतात. मग पावती पुढे सरकवतात. 6 चा 7 करून शेजारी सही हवी. शेठ सही करतात.

दुपारी 1.15

डबा. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. मध्येच एक फोन. कुणाचं वेबपान बदललं तरी जुनंच दिसतंय. "कंट्रोल दाबून एफ-फाइव्ह दाबा," तो घास तोंडात ठेवूनच सांगतो. दिसलं. सोळा सेकंद, फुकट.

दुपारी 2.00

एका पतसंस्थेची सभासद यादी वेबसाइटवर चढवायची आहे. चढवली तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. टेबल जुन्या, फक्त रोमन अक्षरं मावतील अशा पद्धतीने बनवलेलं. मराठी अक्षर त्यात बसत नाही, मग ते अक्षर टाकून प्रश्नचिन्ह लिहितं. एकदा प्रश्नचिन्ह झालं की नाव गेलंच. ते परत काढता येत नाही, मूळ यादीच नव्याने घालावी लागते.

मूळ यादीचं दुखणं वेगळं. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली. आत सगळी इंग्रजी चिन्हं, वर फॉन्टने चढवलेला मराठी मुखवटा. बदलणारा छोटा प्रोग्राम भाच्याने लिहिलाय, पण वेलांट्या दगा देतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती डाव्या हाताला दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. 'शिंदे' सरळ होतं. 'ख्रिस्ती', 'कीर्तिकर' आले की वेलांटी आणि रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतात.

1,140 नावं. अकराशे यंत्राने बरी केली. उरलेली मुलगी पट्टी धरून वाचतेय, कागदावर खुणा करतेय. एका नावाशी थांबून हसते. तिच्याच आजोबांचं आहे, आणि चुकलंय.

दुपारी 4.30

उधारीची फेरी. चार दुकानं. पहिला म्हणतो सोमवारी. दुसरा दुकानात नाही, त्याची चप्पल आहे. तिसरा 2,000 देतो, 1,500 राहिले. चौथा पाणी पाजतो आणि विचारतो, "आता एआय सगळं फुकट करून देतं म्हणे. मग तुमचे पैसे कशाचे?"

"त्याला बोलवा की काट्यावर वायर बदलायला," भाचा म्हणतो. चौथाही हसतो. पैसे देत नाही.

पेट्रोल 150 चं.

संध्याकाळी 5.40

लाइट गेली. इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि एक लॅपटॉप. मुलगी घरी जायच्या आधी विचारते, "सर, पुण्याला मुलाखत आहे. शनिवारी सुट्टी मिळेल?" तो हो म्हणतो. तिला अडलेले दोन प्रश्नही समजावून सांगतो. आधीच्या दोघांनाही असेच सांगितले होते.

संध्याकाळी 7.30

एक्सपीवरचा टॉवेल निघतो. जुन्या प्रोग्राममध्ये तो 'राउंड' शोधतो. चौदा ठिकाणी सापडतं. एका ठिकाणी आधीच्या माणसाने रोमन अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवलीय: 'सध्या असं, नंतर बघू.' खाली 2006 साल.

दुरुस्ती लहान आहे. रकमेत अर्धा मिळवायचा आणि पूर्णांक तेवढा ठेवायचा. 25,506.50 मध्ये अर्धा मिळवला, 25,507. चौदाही ठिकाणी तो हाताने बदलतो. एकदम सगळीकडे बदलायची सोय आहे, पण दोन जागा टक्केवारीच्या आहेत, तिथे दोन दशांश राखायचे आहेत. मग सकाळच्या गठ्ठ्यातल्या चाळीस पावत्या पुन्हा टाकून बघतो. कागदाला कागद लावून. सव्वा तास.

रात्री 9.40

खळ्यावर शेठचे दोन संगणक बंद करवून नवी फाइल चढवतो. जुनी पुसत नाही, तिच्या नावापुढे आजची तारीख लावून ठेवतो. कुणी प्रोग्राम उघडा ठेवला तर फाइल बदलता येत नाही, म्हणून रात्रीची वेळ.

शेठ विचारतात, "याचे वेगळे किती?"

"देखभालीत धरा."

"आणि मागच्या पावत्यांचं काय?"

"मोजून सांगतो."

शेठ काही बोलत नाहीत. शटर ओढायला माणूस थांबलाय.

रात्री 11.10

घरी, ओसरीवर. बहीण झोपलीय. रोजचा बॅकअप इंटरनेटवर चढतोय, 62 टक्के. पूर्वी तो शेठच्याच टेबलाच्या खणात, एका डिस्कवर असायचा. 2021 च्या सप्टेंबरात शाकंबरी आणि लेंडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा संगणक आणि खणातली डिस्क दोन्ही चिखलात गेले. त्याच्या आधीचा डेटा नाही.

त्यानंतरचा आहे. 6,214 पावत्या. भाचा एक छोटी क्वेरी लिहितो. शाळेच्या नियमाने हव्यात त्या रकमा आणि छापलेल्या रकमा शेजारी-शेजारी. पंख्याखाली दोघंही पडद्याकडे बघतोय.

547 पावत्यांत एक रुपया कमी. जास्त एकाही पावतीत नाही.

तो आकडा चिठ्ठीवर लिहितो आणि उद्याच्या शर्टाच्या खिशात ठेवतो.