पत्ता मिळाला, फाईलचं नाव नाही

लॅपटॉप घेतल्यापासून त्याला नेटवर्कची वायर एकदाही लावलेली नव्हती. आणि पडद्यावर ओळ आली होती: ‘पीएक्सई-ई६१: मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’. साताऱ्याहून यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरात राहायला आलेली ओळखीची मुलगी फोनवर विचारत होती, “काका, कुठली केबल तपासू?” तोवर नेहरू प्लेसच्या एका दुकानदाराने तिला सांगून टाकलं होतं, की विंडोज उडालंय, सगळं फॉरमॅट करून नव्याने टाकावं लागेल. दोन वर्षांच्या नोट्स त्याच डिस्कवर होत्या.

त्या ओळीत विंडोज उडाल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. संगणक सुरू केला की मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम (जुन्या यंत्रांत बायोस, नव्यांत यूईएफआय) ऑपरेटिंग सिस्टीम शोधायला निघतो. त्याच्याजवळ एक यादी असते: बहुधा आधी डिस्क, मग पेनड्राइव्ह, शेवटी नेटवर्क. डिस्कने ओ दिली नाही की तो पुढचं दार ठोठावतो. शेवटच्या दाराशी पोचल्यावर तिथे वायरच नाही असं त्याला दिसतं, आणि तो केबल तपासायला सांगतो. पडद्यावर उरते ती या शेवटच्या दाराची तक्रार. बिघाड पहिल्या दाराशी झालेला असतो.

मी तिला बायोस-यूईएफआयचं सेटिंग उघडून डिस्कचं नाव दिसतं का ते बघायला सांगितलं. दिसत नव्हतं. आठवड्यापूर्वी लॅपटॉप पलंगावरून पडला होता, हेही मग बोलण्यात निघालं. दुसऱ्या दुकानात मागचं झाकण उघडून डिस्कची सैल झालेली जोडणी घट्ट बसवली. नोट्स जशाच्या तशा होत्या.

मग हे नेटवर्कचं दार ठेवलंय कशाला? कारण काही ठिकाणी तेच पहिलं दार असतं. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये साठ संगणकांवर एकेक करून सिस्टीम टाकत बसणं कोणाला परवडणार? महासंगणकांत तर हजारो नोड, म्हणजे एकत्र जोडलेले संगणक, असतात. नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचा ‘अरुणिका’ आहे, क्षमता ८.२४ पेटाफ्लॉप्स. पुण्यात पाषाणला त्याचा जोडीदार ‘अर्का’, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी, २६ सप्टेंबर २०२४ रोजी झालं. त्याच कार्यक्रमात ‘परम रुद्र’ मालिकेतले तीन महासंगणकही देशाला मिळाले. त्यांतला एक दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सेलरेटर सेंटरमध्ये, एक पुण्याच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी. अशा समूह-संगणकांत नोडने आपली सिस्टीम नेटवर्कवरून उचलणं ही सर्रास वापरली जाणारी पद्धत आहे.

ही कल्पना जुनी आहे. डिस्क महाग होत्या त्या काळात, १९८५ साली, बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी नावाची पद्धत मांडली. तिच्यावरून पुढे पत्ते वाटणारी डीएचसीपी आली, आणि १९९९ साली इंटेलने पीएक्सई या नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याच्या पद्धतीची २.१ आवृत्ती प्रसिद्ध केली. लोक तिला ‘पिक्सी’ म्हणतात. नुकत्या जाग्या झालेल्या यंत्राजवळ स्वतःचा पत्ताही नसतो. ते सगळ्या नेटवर्कभर हाक देतं: मला कोणी पत्ता देईल का? उत्तरात त्याला तीन गोष्टी लागतात: स्वतःचा आयपी पत्ता, फाईल देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि त्या फाईलचं नाव. मग ते टीएफटीपी या साध्या पद्धतीने फाईल मागवतं. मुळात ५१२ बाइटचा एकेक तुकडा येतो, प्रत्येकाची पोच दिल्यावरच पुढचा. ही पद्धत संथ आहे खरी, पण नेटवर्क कार्डावरच्या इवल्याशा चिपमध्ये मावेल इतकी लहान आहे.

संभाषण कुठे तुटलं ते त्रुटीचा क्रमांक सांगतो. ई५१ म्हणजे हाकेला कोणीच उत्तर दिलं नाही. ई५३ म्हणजे उत्तर आलं, पत्ता मिळाला, पण फाईलचं नाव मिळालं नाही. ई३२ म्हणजे नाव कळलं, पण फाईल देणारा गप्प आहे. टी०१ म्हणजे तो बोलतोय, पण त्या नावाची फाईल त्याच्याकडे नाही.

ई५३ ने मला नोएडाच्या एका प्रशिक्षण संस्थेत अख्खी सकाळ बसवून ठेवलं होतं. लॅबमधल्या एकाही संगणकावर काही सुरू होईना. शेजारच्या खोलीत मात्र इंटरनेट झकास चालू, त्यामुळे जो तो म्हणे, नेटवर्क तर ठीक आहे. ते ठीकच होतं. सुट्टीत जुना राउटर बदलला होता, आणि पत्ते वाटायचं काम नव्या राउटरकडे गेलं होतं. तो पत्ते वाटत होता. बूट फाईलचं नाव सांगायचं असतं हे त्याच्यात कोणी भरलंच नव्हतं. डीएचसीपीच्या पर्यायांत ६६ क्रमांकावर सर्व्हर आणि ६७ वर फाईलचं नाव असतं. त्या दोन ओळी भरल्या आणि जुने संगणक लगेच उठले.

नवे उठले नाहीत. त्यांनी फाईल घेतली आणि तिथेच थांबले, कारण ती बायोससाठीची होती आणि हे संगणक यूईएफआयचे. त्यांना ‘ईएफआय’ शेपटीची वेगळी फाईल लागते. आपण कोणत्या जातकुळीचे हे यंत्र हाक देतानाच ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगतं. सर्व्हरने ते ऐकून ज्याला त्याला त्याची फाईल द्यायची असते.

टी०१ च्या बाबतीत आपल्या डोळ्यांना एक वेगळी सवय लावावी लागते. देवनागरीत लहान-मोठी लिपी हा भेदच नाही, पण लिनक्स सर्व्हरला रोमन लिपीतलं मोठं ‘बी’ आणि छोटं ‘बी’ ही दोन वेगळी नावं वाटतात. ई३२ आला की मी आधी फायरवॉल बघतो: मागणी ६९ क्रमांकाच्या पोर्टवर जाते, उत्तर मात्र दुसऱ्याच पोर्टवरून येतं, आणि फायरवॉल त्याला अनोळखी समजून अडवते. ई५१ कधी येतो, कधी येत नाही, असं असेल तर स्विचवर संशय घ्यावा. नेटवर्कमध्ये वेटोळं नाही याची खात्री करण्यासाठी काही स्विच नव्या जोडणीला तीस सेकंद थांबवून ठेवतात, आणि तेवढ्यात यंत्राच्या हाका वाया जाऊ शकतात.

घरच्या संगणकावर यातलं काही दिसलं, तर वायरच्या मागे लागू नका. सेटिंगमध्ये डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. दिसत असेल तर यादीचा क्रम तपासा. दिसत नसेल, किंवा डिस्क टकटक आवाज करत असेल, तर यंत्र पुन्हापुन्हा चालू-बंद करू नका. आधी माहिती काढून घ्या. आणि यंत्र बंद करण्यापूर्वी पडद्यावरच्या त्या ओळीचा क्रमांकासकट मोबाईलवर फोटो काढा. दुकानात गेल्यावर आधी तो दाखवा, फॉरमॅटचं बोलणं त्यानंतर.