बर्नी आल्डर (१९२५–२०२०) : टकरांतून उलगडलेला पदार्थ

जर्मनीत जन्म. नाझी सत्तेवर येताच ज्यू कुटुंब झुरिचला आणि १९४१मध्ये अमेरिकेला गेले. तिथल्या लिव्हरमोरच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेला प्रचंड दाबाखाली पदार्थ कसा वागतो, याचे गणित हवे होते. त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी आल्डर यांना बोलावले. १९५७मध्ये टॉमस वेनराइट यांच्यासह त्यांनी संगणकावर कडक गोळ्यांच्या टकरा मोजल्या. एकमेकांना जराही न ओढणारे हे गोळे पुरेसे दाटले की आपोआप स्फटिकासारखे रचले जात! अनेक जाणकारांना हे पटेना. पुढच्या कामाच्या आज्ञावल्या मेरी ॲन मॅन्सिग यांनी लिहिल्या. बहुतेक शोधनिबंधांत त्या आभारांपुरत्याच उरल्या, याची खंत वाटते. १९८०मध्ये डेव्हिड सेपर्ली यांच्यासोबत काढलेले इलेक्ट्रॉन वायूचे (एकसमान पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रारूपाचे) आकडे आजही पदार्थांच्या असंख्य गणनांच्या मुळाशी आहेत.