एकाच चित्रणाचे दोन अनुबोधपट

कॅमेऱ्याने टिपलेले ते सारे सत्यच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती कितपत खरी, हे लिव्हरपूलच्या 'बीटल्स' या प्रख्यात रॉक वाद्यवृंदावरील दोन अनुबोधपटांवरून चांगले ध्यानात येते.

जानेवारी 1969 मध्ये लंडन येथे हे चौघे कलावंत नवी गाणी बसवीत असता दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग यांनी सुमारे 60 तासांचे चित्रण केले. त्यातून निवडलेला 'लेट इट बी' हा अवघ्या 80 मिनिटांचा पट 1970 मध्ये पडद्यावर आला, तेव्हा वाद्यवृंद फुटल्याची वार्ता ताजी होती. साहजिकच प्रेक्षकांना त्यात कलहच दिसला. पुढे पीटर जॅक्सन यांनी तेच चित्रण चाळून 2021 मध्ये जवळजवळ आठ तासांचा 'गेट बॅक' सिद्ध केला. वाद्यांच्या गजरात बुडालेली संभाषणे संगणकाच्या साहाय्याने वेगळी काढल्यामुळे ती आता ऐकू येतात.

गंमत अशी की, जॉर्ज हॅरिसन मध्येच वाद्यवृंद सोडून गेले व काही दिवसांनी परतले, हा प्रसंग उदास ठरलेल्या जुन्या पटात नाहीच. तो नव्यात आहे! तरीही नवाच अधिक प्रसन्न वाटतो. कारण भांडणाच्या आगेमागेचे हास्यविनोद, चहापान, कंटाळा हेही त्यात आले आहे. पॉल मॅकार्टनी तारा छेडीत बसलेले असतात आणि पाहता पाहता एका गाण्याची चाल आकार घेते, तो भाग तर पुनःपुन्हा पाहावा.

30 जानेवारीचा गच्चीवरील कार्यक्रम दोहोंत आहे. जुन्यात निवडक, नव्यात संपूर्ण.