पोलिसाची पाठही बोलते

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथून रोज गाडी काढणाऱ्याला खरं तर कुठल्याच चौकाचं भय वाटू नये. पण दिवे बंद असले आणि मधोमध वाहतूक पोलीस उभा असला, की भलेभले गडबडतात. हात नेमका कुणाला दाखवला, हेच उमगत नाही.

माझंही तेच झालं. नांदेडात एका चौकाकडे स्कूटरवरून येत होतो. हवालदाराची माझ्याकडे पाठ, एक हात बाजूला आडवा. मला वाटलं, याचं लक्ष दुसरीकडे आहे, निघावं. डावीकडून आलेला टेम्पो हँडलला घासून गेला. टेम्पोवाल्याची चूक नव्हती. ‘थांब’ असं मलाच सांगितलेलं होतं.

पोलिसाचा हात सरळ वर आणि तळवा पुढे असेल, तर समोरून येणाऱ्यांनी थांबायचं. हात खांद्याच्या रेषेत आडवा असेल, तर पाठीमागून येणाऱ्यांनी. एक हात वर आणि दुसरा आडवा, म्हणजे पुढचे-मागचे दोघेही थांबले. मग वाट कुणाची? बाजूंची. पण त्यांनीही आपण होऊन सुटायचं नाही. तो त्या बाजूला पाहून कोपरातून हात दुमडत बोलावतो, तेव्हा निघायचं. म्हणून हाताआधी त्याची छाती कुणीकडे, पाठ कुणीकडे, ते बघा.

आता दिवा हिरवा आणि हवालदार म्हणतो थांबा, तर ऐकायचं कुणाचं? हवालदाराचं. वाहतुकीचं नियमन करणाऱ्या पोलिसाच्या सूचना पाळणं 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 119 नं चालकावर बंधनकारक केलं आहे. कारणही सरळ आहे. मागून येणारी रुग्णवाहिका त्याला दिसते, साध्या दिव्याला दिसत नाही.

या खुणांना भाषाही लागत नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला पंजाबातून येणाऱ्या चालकाला मराठी पाटी वाचता आली नाही, तरी वर गेलेला तळवा कळतो.

उसाच्या हंगामात एक गोष्ट पाहून ठेवा. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर जागच्या जागी थांबत नाही, म्हणून त्याच्यासाठी हात लवकर वर जातो. रस्ता मोकळा दिसतो, आणि आपले मोटारसायकलवाले नेमके त्याच फटीत शिरतात.